खिडकीखालची हळद

बेलवलीच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा यज्ञेश दरवर्षी स्पर्धा परीक्षेत नापास होई आणि दरवर्षी ते नापास होणं खिडकीखालच्या लॉनच्या नावे पडे. लॉन लग्नाचं. लग्न म्हटलं की आदल्या संध्याकाळी हळद, हळद म्हटली की डीजे, आणि डीजे लागला की यज्ञेशच्या खोलीतली ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी थंडी भरल्यासारखी थडथडायची. मग तो पुस्तक मिटून हॉलमध्ये येई, "काय वाचणार डोंबल" म्हणे आणि सोफ्यावर आडवा होई. आई, मालिनीबाई, चहा टाकत.

तिशी उलटलेल्या माणसाला इतकं भक्कम कारण मिळणं हे नशिबाचंच. हळदीची उलटतपासणी कोण घेतो? धाकटी बहीण रिद्धी तेवढी घेई. ती बँकेत नोकरीला होती आणि घरात पैसे देत होती, त्यामुळे तिला बोलायचा हक्क होता.

"दादा, या वर्षी कोणी नापास केलं? मुलाकडच्यांनी की मुलीकडच्यांनी?"

"तुझं काम बेरजेचं. मला चिंतन लागतं."

"घोरताना चालतं का ते?"

हे असंच चाललं असतं, पण वडील निवृत्त झाले. हेमचंद्र अंबरनाथच्या एका रसायनाच्या कारखान्यात क्वालिटी ऑफिसर होते. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नापास करून घरी बसलेल्या माणसाला तपासायला काहीतरी लागतंच. जेवताना ते शांतपणे म्हणाले, "खिडकी बदलू. आवाज बंद. मग एकदा परीक्षा दे. त्यातही नाही झालं, तर माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या, आनंदाच्या फॅक्टरीत स्टोअरला लागायचं. मी बोलून ठेवलंय."

यज्ञेशने मान डोलावली, पण मनात हिशेब मांडला. आवाज गेला की कारण गेलं, आणि कारण गेलं की उरलेला जन्म ड्रम मोजण्यात. म्हणजे खिडकी बदलली तरी आवाज येत राहिला पाहिजे होता. त्या रात्री त्याने बऱ्याच दिवसांनी खरा अभ्यास केला. खिडक्यांचा.

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये हिरानंद शेठच्या दुकानात बापलेक गेले. हेमचंद्रांनी सागवानापासून सुरुवात केली. शेठ हसला. "साईं, लाकूड फुगणार, मग दर साल रंधा मारत बसा. ॲल्युमिनियम स्लायडिंग तर सरकायलाच फट मागते. यूपीव्हीसी घ्या, कडक प्लास्टिकची. दारासारखी, आत उघडणारी, बाहेर ग्रील आहे ना तुमची. चारही बाजूला रबर, हँडल फिरवलं की दाबून बसते. आणि काच लॅमिनेटेड. दोन काचांच्या मध्ये फिल्म. डीजेची धमक तीच खाते."

"सगळ्यात चांगलं तेच घेऊ, बाबा," यज्ञेश म्हणाला. हेमचंद्रांना बरं वाटलं. मुलगा मनावर घेतोय.

"पण एक सांगतो," शेठने बोट वर केलं. "आवाज हवेच्या रस्त्याने येतो. जिथे हवा, तिथे डीजे. खिडकी कितनी भी अच्छी लो, फ्रेम और दीवार के बीच गॅप रहा तो पैसा पानी में. बसवायला माझी टीम घ्या. ट्रेनिंग घेतलेली माणसं आहेत. बाहेरच्याकडून बसवलीत तर वॉरंटी नाही, आणि नंतर शिव्या मलाच."

यज्ञेशने हे वाक्य तेवढं जपून घरी आणलं.

वडिलांशी तो काही बोलला नाही. स्वयंपाकघरात जाऊन आईच्या कानाला लागला. "आई, शेठची माणसं दिवाळीपर्यंत मोकळी नाहीत म्हणे. आपला चेतन आहे की. घरचा मुलगा सोडून परक्याला काम दिलं तर मामीला काय वाटेल?"

चेतन मालिनीबाईंच्या भावाचा मुलगा. वांगणीला ग्रिलं आणि शटर बनवायचा. हात चांगला होता, पण यूपीव्हीसीची खिडकी त्याने जन्मात बसवली नव्हती. 'आपला माणूस' या दोन शब्दांपुढे मात्र या घरात शेठचीच काय, कुणाचीच वॉरंटी टिकत नसे. हेमचंद्रांनी दोन दिवस कुरकुर केली, मग मालिनीबाईंचं तोंड पाहून गप्प बसले.

चेतन आला. जुनी खिडकी काढताना कडेचा गिलावा ढासळला आणि भोक फ्रेमपेक्षा चांगलंच मोठं झालं. त्याने लाकडाच्या चिपा ठोकून फ्रेम अडकवली, फटीत बोट घालून पाहिलं.

"दादा, हितं फट ऱ्हातेय. शेठकडं फोम मिळतो ना, तो भरूया? म्या जाऊन आणतो."

"असू दे रे. वरून पांढरं सिमेंट मार. दिसायला क्लास पाहिजे."

"काका वरडतील."

"त्यांना मी सांगतो. तू घरचा आहेस."

घरचा असल्यामुळे चेतनने ऐकलं. घरचा असल्यामुळे मजुरीही अर्धीच सांगितली. हेमचंद्रांनी खूश होऊन इमारतीतल्या दोन घरांची ग्रिलं त्याला मिळवून दिली.

पुढच्याच हळदीला डीजे लागला आणि खोलीत पूर्वीइतकाच आला. यज्ञेश पुस्तक मिटून हॉलमध्ये आला. चेहरा दुःखी ठेवायला त्याला थोडे कष्ट पडले.

हेमचंद्र उठले. देवघरातून उदबत्ती पेटवून आणली आणि फ्रेमच्या कडेकडेने फिरवली, कारखान्यात गळती शोधायचे तशी. धूर डाव्या कोपऱ्यात वाकला, उजव्या कोपऱ्यात वाकला, खाली तर सरळ आडवा झाला.

रविवारी चेतनला बोलावून घेतलं. त्याला बसायलाही सांगितलं नाही.

"ही तुझी कारागिरी? गोठ्याला तरी बरी खिडकी बसवतात."

"काका, म्या इचारलं व्हतं..."

चेतनने यज्ञेशकडे पाहिलं. यज्ञेश काचेकडे पाहत होता. काच खरोखरच चांगली होती.

"कोणाला विचारलंस?"

चेतनने आत्याकडे पाहिलं. दादाचं नाव तिच्यासमोर घेणं त्याच्याने झालं नाही. "कुणाला नाय. चुकलं," म्हणाला. तेवढ्यावर त्याची दोन्ही घरांची ग्रिलं गेली. हेमचंद्रांनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं की या माणसाला काम देऊ नका. मालिनीबाईंना वेगळं सुनावलं, "तुझ्या माहेरचं काम बघून घे." त्यांनी पदर तोंडाला लावला. यज्ञेशने सगळ्यांसाठी चहा केला. तो एवढाही वाईट नव्हता.

पण नापास माल तसाच ठेवणं हेमचंद्रांच्या स्वभावात नव्हतं. दिवाळीपर्यंत मोकळी नसलेली शेठची टीम आठवडाभरात आली. सोबत प्राची नावाची सुपरवायझर. यज्ञेशने परीक्षा जवळ आल्याचं सांगून पाहिलं. "मग तर आजच बसवू," ती म्हणाली. फ्रेम उपटली, कडा नव्याने भरून सरळ केल्या, लेव्हल लावून फ्रेम उभी केली, स्क्रू थेट भिंतीत घेतले, फटीत फोम भरला, तो फुगून सुकल्यावर कापला आणि बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढली. संध्याकाळी हेमचंद्रांनी उदबत्ती फिरवली. धूर सरळ वर गेला.

दोन दिवसांनी खाली मोठी हळद होती. यज्ञेश काचेशी उभा राहून बघत होता. माणसं हात वर करून उड्या मारत होती, तोंडं उघडत होती, मिटत होती. खोलीत पंख्याचा आवाज.

"ऐकू येतं काही?" हेमचंद्रांनी दारातून विचारलं.

"नाही."

"छान. वाच." दार ओढून ते गेले.

यज्ञेश टेबलाशी बसला. आणि मग त्याला ऐकू आलं. हॉलमधून आईचा आवाज, फोनवरचा, हळू, पण शब्द न् शब्द.

"कुंदावहिनी, चेतनचं काही चुकलं नव्हतं हो. सगळं सांगितलं त्याने मला. यानेच फट ठेवायला लावली... मी काय करू? पोटचा आहे, बाहेर थोडाच काढणार... नाही, ह्यांनाही सांगितलं. हे म्हणाले, मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे, हळदीचा काही संबंध नव्हता."

"आनंदाला हो कळवलंय," हेमचंद्रांचा आवाज आला. "परीक्षेचं नाटक नको. सोमवारपासून जाईल."

"मग इतक्या महागाची खिडकी कशाला, बाबा?" ही रिद्धी.

"ती खोली तुला. लग्नाचं नाव काढत नाहीस, तर निदान झोप तरी नीट."

रिद्धी हसली. आईही हसली, फोन हातात धरून.

यज्ञेशचा हात हँडलवर गेला. फिरवलं असतं तर सगळी हळद आत आली असती आणि हे बोलणं बुडालं असतं. पण मग त्यांना कळलं असतं की हॉलमधलं त्याला ऐकू येतं. त्याने हात मागे घेतला आणि पुस्तक उघडलं. फोनवर कुंदामामीला नीट ऐकू गेलं नव्हतं बहुतेक, कारण आईने घसा खाकरला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.