प्रिंटर तयार आहे

मी बोलतोय हो, टेबलाखालचा कॉम्प्युटर! जीव तोडून ओरडतोय, पण मला घसाच नाही, हीच तर बोंब आहे.

आधी मी विंडोजवर चालायचो. बाई माझ्यावर लहान मुलींच्या फ्रॉकचे साचे आखायच्या, छापायच्या आणि शिवणाऱ्या बायकांना द्यायच्या. बरं चाललं होतं आमचं. मग मी म्हातारा झालो. नवं विंडोज मला पेलेना आणि जुन्याला अपडेट मिळेनात. तेव्हा बाईंचे धाकटे दीर आले आणि त्यांनी विंडोज काढून माझ्यात लिनक्स नावाची हलकी, फुकटची प्रणाली घातली.

"वहिनी, घाबरू नका. ब्राउझर तोच, साचे आखायचा प्रोग्रामही तोच. चार दिवसांत हात बसेल."

"तुम्ही म्हणता म्हणून हं, भाऊजी," बाई म्हणाल्या.

आणि खरंच, मी पुन्हा तरणाताठा झालो! पण जित्याची खोड ती. बाई येताजाता रिकाम्या पडद्यावर उजवं क्लिक करून 'रिफ्रेश' शोधायच्या. नाही सापडलं की म्हणायच्या, "बिघडलंय वाटतं." अहो, कुठं बिघडलंय? मला ते लागतच नाही!

आज तर कहर झाला. नवा प्रिंटर आला. वायर जोडताच मी त्याला ओळखलं, घरात घेतलं आणि कोपऱ्यात ठळक लिहिलं, 'प्रिंटर तयार आहे.' बाईंनी न वाचता फुली दाबली. त्या कोपऱ्यात आजवर जाहिराती आणि व्हायरसच्या धमक्याच उगवल्या, मग त्या बिचाऱ्या तरी काय करणार?

मग त्यांनी प्रिंटरसोबतची सीडी घातली. त्यातला प्रोग्राम विंडोजचा, तो माझ्यात कसा चालावा? बाई क्लिक करून करून रडकुंडीला आल्या. वायर काढून पुन्हा लावली. मी पुन्हा लिहिलं, त्यांनी पुन्हा फुली दाबली.

"अहो, ऐकलंत का," त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "प्रिंटर बसतच नाहीये यात. साचे उद्या द्यायचेत. नाही दिले तर काम दुसरीकडे जाईल."

"मग साधं प्रिंट दाबून बघ की."

"आधी सीडी बसल्याशिवाय कसं येईल प्रिंट? काहीतरीच तुमचं!"

अहो बाई, ऐका ना त्यांचं! जन्मात एकदा नवऱ्याचं ऐका! साचा समोर उघडा आहे, प्रिंटरमध्ये कागद आहे, मी तयार आहे. एकदा दाबा हो!

"मग धाकट्याला फोन लाव."

"लावला. उचलत नाहीत. राहू द्या, नवा विंडोजवालाच आणू. खाली भंगारवाला आलाय, त्याला थांबवा."

नवरा चपला घालून जिना उतरला. बाईंनी साचे पेनड्राइव्हवर घेतले. पेनड्राइव्हही मी लावताक्षणी ओळखला, पण त्याचं कुणाला कौतुक! बाईंचे डोळे भरून आलेत.

तुमच्या घरी असा कुणी असेल, तर हात जोडतो, तो काय लिहितोय ते एकदा तरी वाचा. माझ्याकडे आता वेळ नाही. बाई मला बंद करायचं बटण शोधतायत.

ते मात्र त्यांना पहिल्या फटक्यात सापडलं.