बेपत्ता भिकाजीचं रेकॉर्ड

आरोंद्याचा भिकाजी लढाईवर गेला आणि बेचाळीस साली मलायात बेपत्ता झाला. चोपन्नात बारा वर्षं भरली, तसा त्याचा धाकटा भाऊ लवू म्हणू लागला, दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊया. बारा वर्षं न परतलेल्याला शास्त्र मेलेलाच धरतं.

गावात पंचांग बघणारा आणि इंग्रजी येणारा मीच, म्हणून भिकाजीची बायको सुगंधा माझ्याकडे आली. पदरी मूलबाळ नाही. कुंकू पुसलं की लवू आपल्याला माहेरी धाडणार आणि माडांची बाग घशात घालणार, अशी तिची खात्रीच होती. आधी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसातून कागद मागवा, म्हणाली, मग काय तो पुतळा.

मलाही तेच वाटलं. मी पडलो कीर्तनाचा वेडा. उत्तररंगातल्या आख्यानात बुवांनी कपटी दीर आणला, की तोंड उघडायच्या आधीच तो ओळखू येतो. तसा लवू मला ओळखू आला. अर्ज मी लिहिला. ‘मृत’ शब्द तिने घालू दिला नाही. उत्तर माझ्या पत्त्यावर मागवलं. टपाल लवूच्या हाती पडायला नको. अर्जाचं कळल्यावर तोही दोनदा माझ्या दारच्या खळ्यात येऊन, कागद आला का, म्हणून विचारून गेला. चेहरा उतरलेला. संशय पक्का झाला.

तीन महिन्यांनी पाकीट आलं. भावजींना बोलवा, त्यांच्यासमोरच वाचा, असं सुगंधा म्हणाली. इंग्रजी कागद मी मराठीत सांगत गेलो. भिकाजी अकरा जानेवारी बेचाळीसला चकमकीत ठार. तसं पत्र शेहेचाळीसातच घरी पोचलं होतं. पोचपावतीवर लवूची सही. विधवेच्या पेन्शनसाठी मात्र आजवर कोणाचाच अर्ज नाही.

लुबाडणारा माणूस पेन्शन सोडतो होय?

लवू जमिनीकडे बघत होता. “वयनी, सांगूक तोंडच उघडला नाय. तुमी तेची वाट बघीत होतात. म्हटलंय, बारा वर्सां भरली की शास्त्रच सांगात.”

माझे डोळे भरून आले. मनातल्या मनात मी त्याचे पाय धरले. सुगंधाचे डोळे कोरडेच होते.

“आठ वर्सां माझां कुंकू तुमी राखलात,” ती म्हणाली. “माका इचारलात?”

ती उठून उभी राहिली.

“पुतळो करूया. पण अग्नी मी देतलंय. तुमी नाय.”

हे शास्त्रात बसतं का, म्हणून लवूने माझ्याकडे बघितलं. मी मुहूर्त बघायला पंचांग काढलं.