मागच्या सीटखाली

आष्टीचा पूल ओलांडून गाडी आलापल्लीच्या जंगलाला लागली आणि अम्मींनी तिसऱ्यांदा ओढणीचा पदर नाकाशी धरला.

"अम्मी, लिंबू देऊ का?" पुढच्या सीटवरून मागं वळत नाहीदनं विचारलं.

"लिंबू नको मले. पेट्रोल प्यायल्यावानी वाटून राह्यलं."

गाडी नाहीदचा नवरा नईम चालवत होता. "राजुऱ्यात टाकी फुल केली ना, त्याचाच वास असन. काच खाली घ्या," तो आईला म्हणाला.

काच खाली झाली. सागाच्या जंगलातली हवा आत आली, पण अम्मींच्या चेहऱ्यावरचा पिवळेपणा काही गेला नाही. राजुऱ्याहून अहेरी काही जवळ नाही, आणि आलापल्लीच्या पुढं रस्त्याला खड्डे जास्त आणि रस्ताच कमी अशी गत. दुपारी घराच्या दारात गाडी थांबली तशा अम्मी उतरल्या त्या थेट नालीकाठी जाऊन ओकल्या. त्यांना आत नेऊन निजवलं. मग मागच्या सीटवरची पिशवी काढायला नाहीद वाकली, आणि भपकन वास नाकात घुसला. हा टाकी भरताना हाताला लागतो तसला वास नव्हता. तिनं खाली गुडघे टेकून गाडीखाली पाहिलं. टाकीच्या कडेला ओली रेघ होती आणि धुळीत एक काळा ठिपका. बघता बघता त्यावर दुसरा थेंब पडला.

"इकराचे अब्बा," तिनं नईमला हाक मारली, "चावी काढा. मोबाइल घरात ठेवा. आणि गाडीजवळ कोणाले येऊ देऊ नका."

नईमनं चावी काढली, पण त्याच्या कपाळाची शीर उठली होती. परवाच गाडीचं काम झालं होतं. गाडी झटके देत होती म्हणून राजुऱ्याच्या मुक्कामात नाहीदचा धाकटा भाऊ मुन्ना यानं स्वतःच्या गॅरेजात ती घेतली, मागची सीट काढून टाकीतला पंप साफ केला, फिल्टर बदलला. मोठ्या कौतुकानं म्हणाला होता, 'आपा, आता पाच वर्षं पाहा लागत नाई.'

"हे असं काम?" नईम म्हणाला. "माझी म्हातारी आई त्या टाकीवर बसून होती नाहीद. साडेतीन तास! एखादी ठिणगी उडाली असती तर? मी उद्या आलापल्लीहून मिस्त्री बोलावतो. त्यालेच विचारतो, कोणत्या गाढवानं हे केलं म्हणून."

नवऱ्याचं चुकत नव्हतं. पण गॅरेजवाले एकमेकांना ओळखतात. आलापल्लीच्या मिस्त्रीनं एकदा सीट उचलली की संध्याकाळपर्यंत राजुऱ्याच्या चौकात चहाबरोबर मुन्नाचं नाव निघालं असतं. सीटखाली नेमकं काय आहे ते आधी नाहीदला स्वतःला पाहायचं होतं.

"आधी मी पाहते," ती म्हणाली.

हे ऐकून नईम हसला नाही. त्याला ठाऊक होतं. नाहीदचे अब्बा राजुऱ्याचे जुने मोटार मिस्त्री. शाळा सुटली की नाहीद गॅरेजात जाऊन बसायची. कुठल्या नटाला कितीचा पाना लागतो हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. चौदाव्या वर्षी ती कार्बोरेटर उघडून पुन्हा बसवायची आणि एक स्क्रू उरायचा नाही. मग ती मोठी झाली, गॅरेजात बसणं बंद झालं, आणि तिच्या जागेवर तीन वर्षांनी लहान मुन्ना येऊन बसला. पाना कसा धरायचा हे त्याला अब्बांनी नाही, नाहीदनं शिकवलं होतं. तिच्या हातात शिलाई मशीन आलं. आज अहेरीतल्या दोन शाळांचे गणवेश ती शिवते.

तिनं बॅटरीची तार सोडवली. चारही दारं उघडी टाकून गाडी तासभर वाऱ्यावर राहू दिली. मग मागची सीट उचलली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि टाकीवरच्या गोल झाकणाकडे पाहत राहिली.

झाकणाखालची रबरी रिंग एका बाजूनं दुमडून चेपली होती, तिला चीर पडली होती. टाकी अर्धी असती तर कळलंही नसतं. फुल झाली आणि पेट्रोल तिथून वर येऊ लागलं. पाइपाची क्लिप अगदी टोकावर कशीबशी अडकली होती. एक स्क्रू तिरका गेला होता आणि त्याच्याभोवती पत्र्यावर ओरखडे होते. पेचकस घसरल्याचे. एक नाही, पाच-सहा.

नाहीदला आधी रागच आला. मग ती ते ओरखडे पुन्हा पाहू लागली. शिवण पाहून बाईचा हात ओळखावा तसं तिला काम वाचता यायचं. घाई करणारा माणूस सगळंच घाईत करतो. इथं मोठे नट अगदी नेमके आवळलेले होते. तारा जुन्या जागी बांधून ठेवल्या होत्या. सीटखालची वर्षानुवर्षांची धूळसुद्धा फडक्यानं पुसून काढली होती. बिघडलं होतं ते फक्त बारीक. बोटाच्या पेराहून लहान जे जे होतं तेवढंच.

आणि ते ओरखडे घाईचे नव्हते. ते चाचपडण्याचे होते.

तिला परवाची सकाळ आठवली. कुणीतरी लग्नपत्रिका आणून दिली. मुन्नानं ती हात लांब करून धरली, मग अजून लांब धरली, मग बायकोकडे दिली. 'सुलताना, तूच वाच, माझे हात तेलाचे आहेत.' हात तर त्यानं नुकतेच धुतले होते. नाहीदनं तेव्हा पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. तीन वर्षांपूर्वी सुईत दोरा जाईना तेव्हा तीही अशीच सुईला नावं ठेवत होती.

तिनं आत जाऊन फोन लावला.

"मुन्ना, टाकीच्या झाकणाची रिंग पाहिजे. नवीन. उद्या सकाळी घेऊन ये."

"काऊन? लीक होऊन राह्यली का आपा?"

"हो. तूच ये. दुसऱ्याले पाठवू नको."

दुसऱ्या दिवशी नऊच्या आत मुन्नाची मोटारसायकल दारात उभी राहिली. चाळिशी ओलांडलेला, खांद्यानं रुंद असा तो गडी, पण नाहीदला तो काच फोडून घरी आलेल्या पोरासारखा दिसला. ओसरीवर बसलेल्या नईमला त्यानं सलाम केला. नईमनं मान हलवली आणि पेपर वाचत राहिला. अम्मी आतल्या खाटेवर होत्या. मुन्ना तिकडे गेलाच नाही. खाली मान घालून तो थेट गाडीपाशी आला.

"फाटली का रिंग?" त्यानं विचारलं.

"तूच पाहा ना."

तो वाकला. डोळे बारीक केले. डोकं मागं घेतलं, पुन्हा पुढं आणलं. मग बोट लावून कडेकडेनं फिरवू लागला. नाहीदनं त्याच्या बोटाकडे पाहिलं. चिरेवरून ते एकदा गेलं आणि पुढं निघून गेलं.

"किती दिवस झाले तुले दिसत नाई?" तिनं हळूच विचारलं. ओसरीपर्यंत आवाज जाऊ नये असं.

"काय नाई दिसत? दूरचं पाहा तर, त्या झाडावरचा पक्षीही दिसते मले."

"जवळचं विचारून राह्यली मी."

मुन्ना गाडीच्या उंबऱ्यावर बसला. हातातली नवी रिंग तो बोटांनी फिरवत राहिला. "वर्ष झालं असन," तो शेवटी म्हणाला. "पहिले वाटे, लाइट कमी आहे म्हणून. मग दुसरा बल्ब लावला. मग हातानं चाचपून करू लागलो. हाताले सगळं माहीत आहे ना आपा, इतकी वर्षं झाली. सुलतानालेही नाई सांगतलं. मिस्त्रीले दिसत नाई असं एकदा लोकांच्या कानावर गेलं, तर गाडी कोण आणन माझ्याकडे?" त्यानं मागच्या सीटच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "इथं अम्मी बसल्या होत्या?"

"हो."

"या अल्ला." त्यानं तोंडावर हात घेतले. खांदे हलू लागले.

नाहीद त्याच्याशेजारी उकिडवी बसली. लहानपणी तो रडायला लागला की तिला काही सुचायचं नाही, आजही सुचलं नाही. तिनं स्वतःचा चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, त्याचे हात बाजूला करून त्याच्या कानांवर चढवला. फुलांच्या नक्षीची जांभळी दांडी त्या रुंद तोंडावर विचित्रच दिसत होती.

मुन्नानं हातातल्या रिंगेकडे पाहिलं. तिच्यावरचे बारीक आकडे पाहिले. मग मान वर करून बहिणीकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला.

"आपा," तो म्हणाला, "तू किती म्हातारी झाली गं."

नाहीदला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "तूही काही कोवळा नाई राहिला. आता ऊठ. रिंग बसव."

त्यानं जुनी रिंग काढली, खाच फडक्यानं पुसली, नवी रिंग बोटानं दाबत दाबत बसवली. तिरका गेलेला स्क्रू काढून नवा घातला. क्लिप मागं सरकवून आवळली. प्रत्येक वेळी तो थांबून नाहीदकडे बघायचा आणि ती मान हलवायची. शेवटी तिनं स्वतः वाकून कडेनं बोट फिरवलं. कुठंच अडकलं नाही.

तोवर अम्मी दाराशी येऊन उभ्या होत्या. कधीच्या उभ्या होत्या कोण जाणे.

"झालं का बेटा?"

मुन्ना धडपडत उभा राहिला. चष्मा काढायला हात गेला, पण काढला नाही. "अम्मी, माझ्या हातानं फार मोठी चूक..."

"ते ऐकलं मी. डोळे गेले माझे, कान नाई गेले." त्या पायऱ्या उतरून आल्या. "टाकी पुन्हा फुल करा लागन ना? त्याबिगर समजन कसं?"

"मी जाऊन पाहतो अम्मी. तुम्ही बसू नका. मी बसतो मागं."

"तू बस एका बाजूनं. मी बसते दुसऱ्या बाजूनं," अम्मी म्हणाल्या आणि सीटवर जाऊन बसल्यासुद्धा.

नईमनं पेपर ठेवला. ओसरीवरून उतरून त्यानं चावी घेतली. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. मग चौघं आलापल्लीच्या रस्त्यानं निघाले. नईम मुद्दाम गतिरोधकावरून जोरात गाडी नेत होता, वळणावर झटका देत होता. मागं मुन्ना सीटच्या फटीशी नाक नेऊन बसला होता आणि त्याच्या शेजारी अम्मी डोळे मिटून, तसबीहची माळ फिरवत. परत येऊन गाडी तासभर उभी ठेवली. खालची धूळ कोरडीच राहिली.

"काय म्हणता अम्मी, वास?" नाहीदनं विचारलं.

"येते ना. या पोराच्या शर्टाचा येते. आंघोळ न करताच निघाला सकाळी."

मुन्ना हसला. ओसरीच्या पायरीवर बसून त्यानं मोबाइल काढला. वर्षभरात त्यानं टाकीचं, पाइपाचं काम केलेल्या गाड्या किती, ते तो आठवू लागला. अकरा निघाल्या. नाहीदला वाटलं, राजुऱ्याला गेल्यावर करील एकेकाला फोन. पण त्यानं तिथूनच सुरू केले.

"भाऊ, मुन्ना मिस्त्री बोलतो. गाडी एकदा आणा, मले पुन्हा पाहा लागते... नाई, तुमचं काही चुकलं नाई, माझं काम कच्चं राहिलं... हो, मलेच दिसलं नाई."

पहिल्या दोन फोनला हे शेवटचं वाक्य त्यानं घशात गिळलं होतं. तिसऱ्यापासून ते स्पष्ट म्हणू लागला. कोणी हसलं, कोणी चिडलं, एकानं फोनच कापला. सातवा फोन गोंडपिपरीकडच्या पत्रू नावाच्या शेतकऱ्याला होता. त्याच्या गाडीत दोन दिवसांपासून वास होता आणि दुपारी बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं.

"भाऊ, ती गाडी आज सुरूच करू नका," मुन्ना उभा राहिला. "मीच येतो तुमच्या घरी. दवाखान्यात दुसऱ्या गाडीनं जा. मी निघालोच."

"उरलेल्या चौघांले वाटेत थांबून फोन करतो," म्हणत त्यानं मोबाइल खिशात टाकला, चष्मा काढून नाहीदपुढं धरला.

"ठेव," ती म्हणाली. "आधी पत्रूभाऊची गाडी कर, मग डॉक्टरकडे जा. तुझा स्वतःचा घे."

"आणि तुझे गणवेश?"

"पोरं दोन दिवस जुन्यात जातीन शाळेत."

तो मोटारसायकलला किक मारायला गेला तेवढ्यात नईम आतून आला. त्याच्या हातात मुन्नाचं ओसरीवर राहिलेलं हेल्मेट होतं आणि अम्मींनी बांधून दिलेल्या पोळ्यांची पुडी. दोन्ही त्यानं मुन्नाच्या हातात दिली.

"जंगलात हळू जा," नईम म्हणाला. "पोहोचल्यावर फोन कर. मले कर, तुझ्या बहिणीले आज नंबर वाचता येणार नाई."