घंटेचे दोन सूर

"ओ निनादभाऊ, थांबा जरा. पेटी बेसूर हाय ही!"

पहिल्या रांगेतून जगनशेठ बोलले आणि नवीन पनवेलच्या त्या क्लबहाउसमधल्या सगळ्या माना भिंतीशी उभ्या असलेल्या गुरुदत्तकडे वळल्या. पियानो सुरात लावला होता त्याने. जगनशेठनीच तो सोसायटीला भेट दिलेला. गावच्या भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवलेला माणूस. "बाजूबाजूच्या दोन पट्ट्या दाबल्या का असंच कचकचतं. आमाला कलतं."

गुरुदत्तला त्यांचा राग आला नाही. कानाला टोचलं ते माणूस बोलला. उत्तर पियानोवर बसलेल्या निनादने द्यायचं होतं.

कारण दुपारीच निनादने त्याला ती जागा वाजवून दाखवली होती. स्पेनमधल्या कातालान मुलखाचं संगीत, शंभरेक वर्षांपूर्वीच्या नव्या वळणाचं. "काका, शेजारचे दोन सूर इथे मुद्दाम एकत्र लिहिलेत. गावच्या चर्चची घंटा आहे ही. घंटा कुठे गोड असते?"

तारांमधली थरथर घालवणं हाच गुरुदत्तचा चाळीस वर्षांचा धंदा. इथे थरथर ठेवायची होती, पण निव्वळ त्या दोन सुरांमधली. मग प्रत्येक सुराच्या तिन्ही तारा त्याने दोन तास खपून एकजीव केल्या. मघाशी कार्यक्रमात ती घंटा वाजली तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. इतकं चोख काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

निनादने लोकांकडे पाहिलं, जगनशेठकडे पाहिलं आणि तो हसला. "सॉरी हं शेठ. दमट हवेने ट्यूनिंग सरकलं असेल. काका, बघता का जरा?"

गुरुदत्त तारा पिळायची किल्ली घेऊन जवळ गेला. "सूर बरोबर आहेत, निनाद. सांग त्यांना," तो हळूच म्हणाला.

"काका, प्लीज. नुसतं केल्यासारखं करा. मी तिथे गोड कॉर्ड घेतो, विषय संपला. पुढच्या महिन्यात इथे माझा क्लास सुरू व्हायचाय हो."

गुरुदत्तला शिसारी आली. त्या गुळगुळीत हसण्याची, सेंटच्या वासाची, त्या पांढऱ्या निमुळत्या बोटांची. वारा येईल तशी पाठ देणारा माणूस! पण नाही म्हटलं, तर सकाळपर्यंत पनवेलभर झालं असतं की गुरुदत्तचा कान गेला. खरं सांगून तरी काय? वाजवणाराच मागे हटला, तिथे लावणाऱ्याचं कोण ऐकतो?

त्याने किल्ली खुंटीवर बसवली. मनगट हललं, खुंटी हलली नाही. चाळीस वर्षांत असं खोटं काम त्याने कधी केलं नव्हतं.

निनादने ती जागा पुन्हा घेतली. घंटा साखरेच्या पाकातून काढल्यासारखी वाजली.

"आता कसा सूर लागला!" जगनशेठनी मांडीवर थाप मारली. "टाल्या होऊ द्या या बाबांसाठी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पियानो लावणाऱ्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. गुरुदत्तला आयुष्यात मिळालेल्या या पहिल्याच. त्याला स्वतःची किळस आली. तरीही किल्ली काखेत धरून त्याने दोन्ही हात जोडले आणि लोकांना नमस्कार केला.