परिवारातला भोंगा

मी भोंगा बोलतोय. मैदानाशेजारच्या पाण्याच्या टाकीवर बसवलेला, राखाडी रंगाचा, कायम आ वासलेला. आजवर मी फक्त दुसऱ्यांचंच बोलत आलो. स्वतःचं काही सांगायची ही पहिलीच वेळ, तेव्हा आवाज थोडा खरखरला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा गोल पत्रा लेथवर फिरवत, दाबत कारागिराने मला कर्ण्याचा आकार दिला आणि मागे तार जोडली. जन्मल्यावर मुलं रडतात. मी म्हणालो, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." कारागीर म्हणाला, "चांगला ठणठणीत आहे," आणि त्याने मला खोक्यात बंद केलं.

सुरुवातीला मी लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्या एका दुकानात होतो. आज सत्कार, उद्या उद्घाटन, परवा शोकसभा. तिथे माणसांची एक सवय कळली. "मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे" असं म्हणून जो उभा राहतो, तो खुर्च्या रिकाम्या झाल्याशिवाय बसत नाही. शोकसभेत तर गेलेला माणूस बाजूलाच राहायचा आणि लोक स्वतःचं कौतुक करून घ्यायचे. मी मात्र सगळं इमानदारीने, मोठ्याने सांगायचो.

पुढे मला बिस्किटवाल्या शेठजींनी विकत घेतलं. आपल्या कारखान्यातल्या कामगारांसाठी त्यांनी फुटबॉलचा क्लब काढला होता. मैदान कारखान्याला लागूनच. भट्ट्या पेटल्या की गोड वास सुटायचा आणि पाहुण्या संघाच्या पोटात कावळे ओरडायचे. आमचे निम्मे सामने आम्ही वासावर जिंकलो, असं मैदानवाले काका म्हणायचे. हे काका गवत कापायचे, रेषा मारायचे, गोलची जाळी शिवायचे आणि हरलो की पंचांच्या नावाने बोटं मोडायचे.

गोलच्या मागच्या खांबावर मला चढवलं आणि माझी गाठ आत्याशी पडली.

आत्या बस डेपोत घोषणा करायची. आठवडाभर "गाडी सुटत आहे, दारात उभे राहू नये" आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे. मैदानावरही तिचा डेपो सुटायचा नाही. "निळा शर्ट घातलेल्या प्रवाशांनी कुंपणावरून खाली उतरावं." "हरवलेली छत्री माझ्यापाशी आहे, ज्याची असेल त्याने ती कशी हरवली ते सांगून घेऊन जावी." परक्या खेळाडूंची नावं तिने धड कधी घेतली नाहीत. आमच्यातलं कोणी पडलं, तर पंचांच्या आधी तिचा निकाल लागायचा: "ढकललाय त्याला! मी पाहिलंय!"

तिला सगळं गाव आत्या म्हणायचं ते काडीमुळे. काडी तिचा भाचा. आईवडील लहानपणीच गेले, आत्यानेच वाढवला. अंगाने काडीसारखा, पण पायात चेंडू आला की समोरच्या बचावफळीला कापरं भरायचं. त्याने गोल केला की आत्या ओरडायची आणि माझ्या पत्र्याला झिणझिण्या यायच्या.

मग शेठजी गेले. त्यांच्या मुलांना फुटबॉलचं वेड नव्हतं आणि बिस्किटांचंही नव्हतं. त्यांनी कारखाना एकाला विकला आणि क्लब दुसऱ्याला.

हा दुसरा म्हणजे कोणी माणूस नव्हता. ती होल्डिंग कंपनी होती.

"ही कंपनी बनवते काय?" काकांनी विचारलं.

"काही नाही. धरून ठेवते," आत्या म्हणाली.

"काय धरून ठेवते?"

"हाताला लागेल ते."

कंपनीतर्फे एक साहेब आले. परिवार समन्वयक, असं त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. कंपनीच्या मालकीचे बरेच क्लब होते, नक्की किती हे सांगताना साहेबांनाही बोटं मोजावी लागत. पण त्यांना क्लब म्हणायचं नाही. तो परिवार. त्यातला सर्वांत मोठा, बंदरावरच्या शहरातला, तो थोरला क्लब. आम्ही शेंडेफळ.

"परिवार म्हटलं की वाटून घेणं आलं," साहेब माझ्यातून म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यातून बोललेल्या कुठल्याही वाक्याला लोक आधी टाळ्या वाजवतात आणि अर्थ घरी जाऊन लावतात.

अर्थ लवकरच लागला. आमचा चांगला गोलरक्षक थोरल्याकडे गेला आणि त्यांचा गुडघा दुखणारा आमच्याकडे आला. आमचं गवत कापायचं यंत्र गेलं आणि त्याच्या बदल्यात परिवाराच्या ध्येयाचा फलक आला. काकांनी तो फलक उलटा करून त्यावर चुन्याचं पोतं ठेवलं.

त्या वर्षी चमत्कार झाला. शेंडेफळ असूनही आम्ही चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचलो. समोर कोण? थोरला क्लब. सामना आमच्याच मैदानावर.

सामन्याच्या आधी काडी आत्याच्या खोलीत आला. खोली कसली, माझ्या खांबाखालची पत्र्याची पेटीच ती. माइक चालू राहिला नव्हता म्हणून बरं.

"आत्या, माझी बदली झाली."

"कुठे?"

"थोरल्याकडे."

"आणि तू हो म्हणालास?"

"मला कोणी विचारलंच नाही गं. नुसतं अभिनंदन म्हणाले."

आत्याने माइकची तार बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "तिकडे जेवणाखाण्याकडे लक्ष दे." एवढंच. काडी निघून गेल्यावर तिने डोळे पुसले आणि मैदानावर नसलेल्या कुणाला तरी कुंपणावरून उतरायला सांगितलं.

सामन्याच्या दिवशी साहेबांनी तिच्या हातात छापील मजकूर ठेवला. "मॅडम, दोन्ही संघ आपलेच. त्यामुळे गोल कोणीही केला तरी हेच वाचायचं. आनंद समान हवा."

मैदान खच्चून भरलं होतं. पूर्वार्धातच काडीने थोरल्याच्या जर्सीत गोल केला, आमच्याच जाळीत. हात वर केले नाहीत की उडी मारली नाही. मान खाली घालून मागे फिरला. आत्याने मजकूर वाचला: "गोल झाला आहे. परिवाराच्या आनंदात भर पडली आहे. सर्वांचे अभिनंदन."

कोणी हूं की चूं केलं नाही. मला माझ्या तोंडाची लाज वाटली.

मग आत्याने श्वास घेतला. "गोल करणारा माझा भाचा आहे," ती म्हणाली, "आणि तो घरी आला की मी बघते त्याच्याकडे."

एक माणूस हसला, मग दुसरा, मग अख्खं मैदान. काडीही हसला, बऱ्याच दिवसांनी. त्या हसण्यातून जो गलका उठला तो थांबलाच नाही. आमच्या पोरांच्या अंगात वारं शिरलं आणि शेवटी शेवटी आमच्या बचावफळीतल्या ठोंब्याने, ज्याने आयुष्यात कधी गोल केला नव्हता, गर्दीत कुठूनतरी गुडघा लावून चेंडू आत ढकलला.

छापील मजकूर वाऱ्यावर गेला. आत्या अशी ओरडली की माझा पडदा टरकन फाटला. तेव्हापासून माझा आवाज खरखरतो. मला त्याचं वाईट वाटत नाही.

बरोबरी झाली, म्हणून पेनल्टी किक. सगळं काडीच्या शेवटच्या किकवर येऊन ठेपलं. त्याने धाव घेतली, चेंडू मारला, तो बारवरून थेट माझ्या तोंडावर! हा पोचा बघा, त्याचाच. त्याने मुद्दाम मारला का, मला ठाऊक नाही. काका म्हणतात, नक्कीच मुद्दाम. आत्या म्हणते, "छे! घाईत त्याचा पाय नेहमीच वर जातो."

काही का असेना, आम्ही जिंकलो. काका गवतावर लोळले. शेंडेफळ अंतिम फेरीत!

पण अंतिम सामना होता थोरल्याच्या स्टेडियमवर, आणि त्याची पोस्टरं थोरल्याच्या खेळाडूंच्या फोटोंसकट छापून झाली होती. चारच दिवसांत साहेब परत आले. लोकांना मैदानावर बोलावलं आणि माझ्यातून म्हणाले, "आनंदाची बातमी. अंतिम सामना तुमचाच क्लब खेळणार. तुमचं नाव, तुमची जर्सी. फक्त खेळाडू थोरल्याचे."

"म्हणजे आमची पोरं नाहीत?" आत्याने विचारलं.

"मॅडम, तुमच्या पोरांना आता थोरल्याचं नाव मिळेल. केवढी बढती!"

"म्हणजे आम्ही हरलेले?"

"कागदोपत्री."

"आणि जिंकलेले कोण?"

"तुम्हीच. पण ते."

साहेब हे इतक्या समजूतदार चेहऱ्याने म्हणाले की काही लोक खरोखरच मान डोलावून गेले. फाटक्या पडद्याने जमेल तेवढी शिट्टी मी मारली, कानठळ्या बसतील अशी. माझ्या हातात तेवढंच होतं.

अंतिम सामन्याला गावातून कोणी गेलं नाही. चहाच्या दुकानात टीव्ही लावला होता. आमच्या जर्सीत, आमच्या नावाने काडीने गोल केला. टाळी वाजवावी की नाही, कुणालाच कळेना. काकांनी एक वाजवली आणि हात खिशात घातले. चषकावर आमचं नाव कोरलंय म्हणे. तो इकडे कोणी पाहिलेला नाही.

महिन्याभरात आत्याला निरोप मिळाला की तिचा आवाज परिवाराच्या धोरणात बसत नाही. माझ्या जागी काळे, चपटे डबे लागले. त्यांतून सगळ्या क्लबांसाठी एकच ध्वनिमुद्रित बाई बोलते. पहिल्याच सामन्यात तिने आमच्या गावाला समुद्रकिनाऱ्यावरचे रसिक म्हटलं. इथून समुद्र दिसायला दुर्बीणही पुरायची नाही. पुढच्या सामन्याला तिचं ऐकायला चिटपाखरू नव्हतं.

मी भंगारातच गेलो असतो, पण काकांनी मला सायकलला बांधून आणलं. बस डेपोमागच्या मोकळ्या जागेत आता नवा क्लब उभा राहिलाय. ड्रायव्हर, कंडक्टर, बिस्किटांच्या कारखान्यातले कामगार, आणि ठोंब्या. मी पाण्याच्या टाकीवर बसलोय. आम्ही सपाटून हरतो. लोक मात्र येतात.

परवा साहेबही आले होते. पांढऱ्या गाडीतून उतरून म्हणाले, "छान चाललंय. परिवारात यायला आवडेल का?" आत्याने माइक उचलला आणि म्हणाली, "पांढऱ्या गाडीच्या मालकांनी गाडी ताबडतोब हलवावी, मागून बस येत आहे." बस खरंच येत होती.

आणि आज काडी आला. कंपनीशी त्याचा करार आहे, दुसरीकडे कुठेही चेंडूला पाय लावायचा नाही. आत्यासमोर येऊन उभा राहिला. ती म्हणाली, "वाळलास." मग डब्यातली पोळी त्याच्या हातात कोंबली.

आता तो गोलच्या मागे उभा आहे. बाहेर आलेला चेंडू हाताने उचलतो, छातीशी धरतो आणि आत फेकतो. मैदानावरच्या सगळ्यांत भारी खेळाडूचं आज एवढंच काम.

वाचकहो, तुमच्या गावातही परिवार म्हणत कोणी आलं, तर टाळ्या वाजवायच्या आधी जरा थांबा, एवढीच विनवणी. बाकी मला आता रजा द्या, आत्याने बटण दाबलंय. ऐका:

"गोलच्या मागे उभ्या असलेल्या इसमाने चेंडूला पाय लावू नये, दावा होईल. आणि सामना संपल्यावर परस्पर निघून जाऊ नये. घरी यायचं आहे."