कुंकवाखालची मूठ

"मशीन अडलं की आधी त्याच्या डोक्याच्या कडेची मूठ बघायची. ती आवळलेली असंल तर हँडल कुणाच्या बापाला हलायचं नाय." आमचे हे मला ड्रिल मशीन शिकवायचे तेव्हा असं बजावायचे. ते गेले, मशीनही विकलं. शब्द राहिले.

खंडेनवमीला बजाजनगरच्या आमच्या वर्कशॉपात तसल्याच मशीनभोवती पन्नासेक माणसं दाटली होती. पंधरा दिवसांत भोकं पाडायचे सात जाड ड्रिल मोडले होते, म्हणून मालक साहेबरावांनी शेंद्र्याहून महाराज आणले होते. मी तिथं तयार माल तपासते. नवरात्रात दुपारच्या आरतीपर्यंत माझं मौन असतं, त्यामुळं भिंतीला टेकून गप उभी होते.

"यंत्र म्हंजे आईचं रूप!" महाराज गरजले. "हिला इटाळ खपत नाय. कुणाचा हात अशुद्ध, आता तीच सांगंल!"

त्या मशीनवर हात असणारी बाई एकच, अमृता. तीन वर्षं हेल्परी करून यंदाच ऑपरेटर झालेली.

एकेकानं पुढं येऊन हँडल ओढायचं होतं. प्रत्येकाच्या आधी महाराज मंत्र पुटपुटत मशीनच्या डोक्याच्या कडेला हळदकुंकू लावत. आधी ऑपरेटर सुयशनं हँडल ओढलं. ड्रिल धरणारा स्पिंडल खाली आला, सोडताच आपोआप वर गेला.

"आरं, वर बी आपसूक गेलं की!" गर्दीतून एकजण म्हणाला.

"रोजच जातंय, येड्या."

"रोजचं येगळं. आज आईनं नेलं."

मग अमृता. महाराजांचा अंगठा कडेला जरा जास्तच रेंगाळला. तिनं हँडल ओढलं. हललं नाही. दोन्ही हातांनी लोंबकळली, तरी नाही.

"अवो महाराज," ती म्हणाली, "रोज चारशे भोकं पाडते मी ह्याच्यावर. कालपर्यंत आई झोपली व्हती व्हय?"



मला मात्र दिसलं होतं. कुंकवाखालची मूठ मघाशी उभी होती, आता आडवी झाली होती. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच थांबले. अकरा वर्षांत मौन मोडलं नव्हतं. आरतीला अर्धा तास होता. अर्ध्या तासानं काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं.

तेवढ्यात साहेबरावांनी तिला कामावरून काढलं. पूजेला आलेली तिची सासू, मनकर्णाबाई, तिचं मनगट धरून निघाली. "लई शोभा केलीस. आता उंबऱ्याभायेर पाय टाकून बघ."

फाटकाशी अमृता वळली. "मावशी, तुमाला मशीनचं कळतं. चितेगावला घरी येऊन ह्या आत्याबाईला सांगताल का?"

मी नुसती मान डोलावली.

आरती झाली आणि मी बोलले. साहेबरावांना मशीनपाशी नेलं, पदरानं कुंकू पुसलं. मूठ फिरवली, हँडल जाम. उलटी फिरवली, मोकळं. "स्पिंडल एकाच उंचीवर धरून ठेवायचा असला, तर ही मूठ आवळतात. आपल्या कामात लागत नाय, म्हणून कुणी बघत नाय. आन् स्पिंडल वर नेते ती आतली स्प्रिंग."

मग वरचं झाकण उघडलं. "पट्टा बघा, सगळ्यांत जलद पुलीवर. जाड ड्रिलला संथ गती लागते, नायतर धार जळून मोडतो. माल लवकर निघावा म्हणून तुमीच पट्टा इथं चढवायला लावला ना?"

सुयश खाली बघत म्हणाला, "महाराज मूठ फिरवताना मला बी दिसले व्हते, मावशी. पण आईचं नाव घेतल्यावर..."

महाराज तोवर गाडीत बसले होते; मी काचेशी जाऊन मुठीचं विचारलं. "कोप व्हईल, बाई," एवढंच म्हणाले. ते आधी फिटर होते, हे मला मागाहून कळलं.

साहेबरावांनी पट्ट्यावरचं झाकण लावलं. "तुमचं खरं असंल. पण पन्नास माणसांसमोर आता शब्द फिरवू कसा, मावशी? आन् देवाधर्माच्या बाईनं असं बोलावं?"

मी देव मानते. जप झाल्याशिवाय पाणी घेत नाही. म्हणूनच सांगते, देवाच्या नावावर कुणी माणसाला अशुद्ध ठरवायला लागला, की हात जोडण्याआधी त्याची बोटं कुठं आहेत ते बघा. मशीन असो की माणूस, अडतं त्याला कारण असतं, आणि ते शोधल्यानं देव कोपत नाही. आणि दिसलं तर तिथल्या तिथं बोला. माझ्यासारखं अर्ध्या तासानं नको.

मनकर्णाबाई मला दारात तरी उभं करतील का, ठाऊक नाही. फराळाचं ताट झाकून ठेवलं, चपला घातल्या आणि चितेगावला निघाले.