जांभळाच्या फुलोऱ्यातलं विष

मित्रांनो, हिंजवडीत एका सोसायटीच्या कुंपणाला टेकून उभा असलेला मी एक जुना जांभूळवृक्ष आहे. इथे पूर्वी रान होतं. माझ्यासोबतचे करंज, पळस, पांगारे यंत्रांनी मुळांसकट उपटले. मुळं तुटतानाचा तो आवाज मी विसरलेलो नाही. मला तेवढं शोभेसाठी ठेवलं, केवढे हे उपकार.

कुंपणापलीकडे शर्मिला राहते. तिच्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या माझ्या सावलीत असतात. फाल्गुन-चैत्रात मी फुललो की माझ्याच मधावर आणि परागावर त्यांची पिल्लं वाढतात. आता त्यांना दुसरं झाड उरलंय कुठे?

यंदा माझ्या शेंड्याला आग्या मोहोळ बसलं. सोसायटीचे चेअरमन श्रीधरराव फवारणीवाल्यांना बोलवायला निघाले.

"अहो, फुलोरा सरला की ते आपणहून उठेल," शर्मिला म्हणाली. "आणि मारणारच असाल, तर आदल्या दिवशी सांगा. मी पेट्यांची दारं जाळीनं बंद ठेवीन."

"सांगू की. आम्ही काय राक्षस आहोत?"

एका सकाळी पाइप आला. औषध मोहोळावर बसलं, तसंच माझ्या प्रत्येक तुऱ्यावरही. आग्या माश्या पिसाळल्या. राकेश नावाच्या कामगाराच्या मानेत, पापण्यांत काटे रुतले. तो किंचाळत पळाला. मोहोळ फाटून खाली आदळलं आणि बाकीच्यांनी ते बुटांनी चिरडलं.

मग सातेरी आल्या. पेट्यांची दारं उघडीच होती. मला ओरडता आलं नाही. त्या माझ्या फुलांतून प्यायल्या आणि जीभ बाहेर काढून, पाय झाडत, गरगरत मेल्या. ज्या घरी पोचल्या, त्यांनी पिल्लांनाही तेच भरवलं. मला माझ्याच फुलांची किळस आली.

संध्याकाळी शर्मिला ओंजळभर मेलेल्या माश्या घेऊन गेटवर गेली.

"सांगणार होतात ना?"

"ग्रुपवर टाकलं होतं की."

"सोसायटीच्या? मी तुमच्या सोसायटीत राहत नाही, श्रीधरराव."



यंदा मला जांभळं फारशी धरली नाहीत. मुलं आली, वर बघून निघून गेली. शर्मिलाने पेट्या धुऊन, नव्या माश्यांना वासानं ओढायला आत मेण लावून पुन्हा माझ्या खाली ठेवल्या आहेत. अजून एकही माशी आलेली नाही.

मित्रांनो, पुढच्या फाल्गुनात मी पुन्हा फुलणार. ते थांबवणं माझ्या हातात नाही. तेवढे दिवस पाइप गुंडाळून ठेवा. नाहीच जमलं, तर कुंपणापर्यंत चालत या आणि शर्मिलाला हाक मारा. तिचं दार माझ्या मुळांजवळच आहे.